टेकडीमागे नेलेल्या गाई

रुशेरे,
११ मार्च १९९६

चि. मुगुमे यास अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र मिळालं. टॅक्सीवाल्याने ते सीटखाली टाकलं होतं आणि वर कुणाच्या तरी केळ्यांचा घड ठेवला होता. निम्मं वाचलं, निम्मं ताडलं. कंपालात पाकिटातलं दूध पिऊन तुझं पोट बिघडलं, एवढं मात्र स्पष्ट वाचता आलं. घरच्या गाई सोडून पाकिटाला तोंड लावल्यावर दुसरं काय व्हायचं?

इकडे पाऊस छान लागलाय. गवत गुरांच्या गुडघ्यांपर्यंत आलं आहे आणि गाईंच्या अंगावर अशी तुकतुकी आलीय की बाबा असते तर दिवसभर कुंपणाशीच उभे राहिले असते. गोचीडही तितकेच माजलेत. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन माझा खांदा गेला. नवरा गेल्यावर माहेरी आले ती जरा विसावा मिळेल म्हणून, तर बाबांनी जाताना अख्खी गोठण माझ्या गळ्यात बांधली. तक्रार करत नाही. पण तू हापिसात पंख्याखाली बसतोस म्हणून आपलं कानावर घातलं.

आता तुझ्या लग्नाचं. केंतारोचे काका योनासानी यांचा काझोहून निरोप आलाय. मुलीच्या बदल्यात द्यायच्या देजाच्या गाई निवडायला ते जूनमध्ये माणसं घेऊन येतील. तू म्हणे त्यांना सांगितलंस, आमच्या गोठणीत एकही गाय फिकी नाही, सगळ्या गडद तांबड्या, आणि शिंगं अशी की आडवे हात केले तरी टोकं सापडायची नाहीत. बढाई मारताना तुझी जीभ काही आखडत नाही. जरा कमी बोलला असतास तर मी निवांत झोपले असते.

खरी काळजी वेगळीच आहे. सांग्याला राहणाऱ्या कातुरामुकाकांच्या गाई गोचीडतापाने गेल्या. एकेक करून सगळं खिल्लार झोपलं. दोन-तीन उरल्यात म्हणतात. ते आता इकडे येणार हे मला कुणी सांगायला नको. आपल्यात असा माणूस हात पसरत नाही. तो मित्राच्या घरी येतो, दूध पितो, गोठणीतून फिरतो आणि एखाद्या गाईला वाखाणतो. त्याने वाखाणलेली गाय त्याच्याबरोबर निघते, संपलं. लढाईच्या वर्षी बाबांची गोठण रिकामी झाली तेव्हा ह्याच माणसाने दारोदार फिरून, याच्याकडून कालवड, त्याच्याकडून गाय अशी ती भरून दिली होती. तेव्हा द्यायला माझी ना नाही. पण त्यांची नजर तुला ठाऊक आहे. गाय ओळखणारा असा माणूस आपल्या मुलखात दुसरा नाही. ते नेमकी आपली ती देखणी गाय, बिहोगोच वाखाणणार, आणि योनासानींच्या डोळ्यांत भरेल अशी तर तीच आहे. काय करू ते लवकर लिही.

तब्येतीला जप. माया आहेच, ती कंपालाच्या धुरात विरू देऊ नकोस.

तुझी ताई,
केमिरेंबे


कंपाला,
१९ मार्च १९९६

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू उगाच डोक्याला ताप करून घेतेस. मी हापिसात बसून रोज हेच तर करतो, लोकांच्या अडचणींना वाट काढून देतो. तुझीही काढली.

म्वेसिग्वाचं कुरण टेकडीमागे आहे. कातुरामुकाका येणार अशी कुणकुण लागली की चांगल्या गाई तिकडे हाकल. घरी लंगड्या, म्हाताऱ्या, भाकड आणि वासरं ठेव. जे दिसतच नाही ते कोण वाखाणणार? तुला खोटंही बोलायला नको. म्वेसिग्वाला तुपाचं एक भांडं दे, तो तोंड उघडणार नाही. त्याच्या तोंडात तसंही तूप असलं की तो कशालाच उघडत नाही.

मी काही नाही म्हणत नाही, ताई. लग्न पार पडू दे, मी स्वतः काकांच्या दारात एक सोडून दोन गाई नेऊन उभ्या करीन. देणं टाळत नाहीये, जरा पुढे ढकलतोय इतकंच. योनासानींपुढे शब्द दिलाय आणि केंतारोच्या घरी माझ्या आधी दोघांना परत पाठवलंय हे तुला माहीत आहे. गोठणीत खिंडार दिसलं तर मलाही वाटेला लावतील.

राग मानू नकोस. धाकट्यावर लोभ ठेवायची तुझी जुनी खोड आहे, ती सुटू देऊ नये ही विनंती.

तुझा,
मुगुमे


रुशेरे,
३ एप्रिल १९९६

चि. मुगुमे यास अनेक आशीर्वाद वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. सकाळीच गाई टेकडीमागे नेल्या. बिहोगो निघेना. तिला कळलं होतं असं मी म्हणत नाही, ती तशीही हट्टी आहे. पण मी तिला काठीने मारलं. बाबांनी तिला कधी काठी दाखवलीसुद्धा नव्हती.

काका चालत आले. मी पाया पडले, दूध दिलं. भांड्याला गवताची धुरी दिलेली होती, त्यांनी वास घेतला आणि म्हणाले की तुझ्या आईच्या हातची धुरी अशीच असायची. मग गोठणीकडे गेले. मी मागे गेले नाही, मला जाववेना. कुडाच्या फटीतून बघत होते. ते कुंपणाशी उभे राहिले. आत त्या खुरटलेल्या म्हाताऱ्या गाई आणि ती वासरं. बाबांच्या गाईंची स्तुती ते दोघं मिळून म्हणायचे ना, ती त्यांनी सुरू केली आणि दुसऱ्या ओळीतच थांबले.

परत आले तेव्हा त्यांनी मला काही विचारलं नाही. गाई गेलेल्या घरात कशाने गेल्या असं विचारत नाहीत, तेवढी रीत त्यांना माहीत आहे. डोक्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले की मुली, मला कळवायचं तरी होतंस. मान खाली घातली. ती खाली घातलेली मान म्हणजे हो असंच त्यांनी धरलं असणार. राहा म्हटलं तर राहिले नाहीत. कुठल्याच गाईला वाखाणलं नाही. वाखाणण्यासारखी होतीच कुठे?

तू लिहिलं होतंस, खोटं बोलायला नको. नाही बोलले. पण संध्याकाळी गाई परत आणल्या तेव्हा त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटली. धार काढायला बसले तर बिहोगोने पान्हा चोरला.

कळव तुझं कसं चाललंय ते. माया कमी झालेली नाही, पण आज लिहायला जड जातेय.

तुझी ताई,
केमिरेंबे


कंपाला,
१० एप्रिल १९९६

ती. ताईस सा. न. वि. वि.

सुटलो! तू तर रडगाणंच लिहिलंस. अगं, म्हाताऱ्याला मारलं नाही, लुटलं नाही. दूध पाजलंस, पाया पडलीस, ते सुखरूप घरी गेले. बिहोगोने एक दिवस पान्हा चोरला तर चोरू दे, गाईच त्या. तुझ्यावर रुसायला कुणी नसलं की तू गाईंच्या रुसव्याचं मनाला लावून घेतेस.

केंतारोला नवं कापड घेतलंय. निळं घ्यावं की पिवळं यावर दुकानदाराने माझा अर्धा दिवस खाल्ला. शेवटी दोन्ही घेतली.

जूनची तयारी कर आणि हसत राहा. धाकट्याचा लोभ तुझ्या पदरात बांधलेलाच आहे.

तुझा,
मुगुमे


रुशेरे,
२ मे १९९६

मुगुमे,

आशीर्वाद लिहिते, पण मनातून निघत नाहीत. रागावू नकोस. हे पत्र नीट बसून वाच.

मागच्या आठवड्यात सकाळी फाटकाशी हाक आली. कातुरामुकाकांची सून पेनिना उभी होती, हातात दाव्याला एक कालवड. गाजू, म्हणजे फिक्या तांबूस रंगाची, अजून अंगाने कोवळी. म्हणाली, मामंजींनी पाठवलीय. मित्राच्या मुलीची गोठण रिकामी झालेली बघून त्यांना घास उतरत नाही. मी पेनिनाला आत बोलावलं. बिहोगो आणि बाकीच्या त्या वेळी चरायला लांब गेल्या होत्या, नाहीतर मी त्याच क्षणी जमिनीत गेले असते. गेले असते तर बरं झालं असतं.

पेनिना साधी आहे, बोलत गेली. घरी आता दोनच गाई उरल्यात, त्यातली एक आटलेली. आणि मुगुमे, काका त्या दिवशी आपल्याकडे मागायलाच येत होते. घरून निघताना दावं खांद्यावर टाकून निघाले होते. परत गेले ते मोकळ्या खांद्याने. विचारलं तर म्हणाले, त्या पोरीचं घर बघून मागायला आलो याचीच लाज वाटली. पेनिना गेल्यावर मी फाटकाबाहेरच्या निवडुंगात शोधलं. दावं तिथेच होतं. नवं वळलेलं. मला दिसू नये म्हणून त्यांनी ते काट्यांत खुपसून ठेवलं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सहन केलं असतं. पण बाबांसाठी जे केलं तेच ते आता आपल्यासाठी करताहेत. दारोदार हिंडताहेत. या वयात, चालत. कालपर्यंत सांग्याकडच्या लोकांनी दोन कालवडी, एक गोऱ्हा आणि एक दुभती गाय आणून बांधली. एका म्हातारीकडे द्यायला गाय नव्हती, तिने तुपाचं भांडं पाठवलं. परत करावं तर कसं करू? आलेली गाय माघारी पाठवली की त्या घराशी बोलणं तुटतं. आणि कुणी गाय घेऊन येतंय असं कळलं की मी आपल्या गाई टेकडीमागे लपवते आणि लोक गेले की परत आणते. म्वेसिग्वा हसतो. म्हणतो, तुमच्या गाईंना आता रस्ता पाठ झालाय, मी नसलो तरी त्या आपणहून लपायला येतील.

भिकाऱ्यांनी श्रीमंताच्या झोळीत घालावं तसं झालंय. मला आरशात तोंड बघवत नाही. काय करायचं ते आता तू मला सांगू नकोस. मी तुला विचारत नाहीये, फक्त कळवतेय.

केमिरेंबे


कंपाला,
९ मे १९९६

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

ते दाव्याचं तू लिहायला नको होतंस. हापिसात कुणीतरी कासरा शब्द उच्चारला तरी मी दचकतो.

पण ताई, आता जे झालं ते झालं. चार-सहा आठवड्यांचा प्रश्न आहे. योनासानी येऊन जाऊ देत. मग आपण प्रत्येकाला त्याची गाय आणि वर एक वासरू असं पोचवू, म्हणू की देवाने परत दिलं. कुणालाच वाईट वाटणार नाही. तू आत्ताच काकांकडे धावत जाशील अशी मला भीती वाटतेय. जाऊ नकोस. बोभाटा झाला तर मित्राच्या तोंडचा घास लपवणारं घर म्हणून केंतारोकडचे माझं नाव टाकतील. तिने मला लिहिलंय, लग्नानंतर तिला पहिल्यांदा तुझ्या हातचं तूप खायचंय. आता सांग, मी काय करू?

तुझ्या लोभावाचून मला कुणी नाही, हे या वेळी नेहमीसारखं लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही.

मुगुमे


रुशेरे,
२७ मे १९९६

चि. मुगुमे यास आशीर्वाद वि. वि.

मी गेले. काकांची कालवड बरोबर घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. टेकडी सांगितली, म्वेसिग्वा सांगितला. ही युक्ती कुणाची ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही, पण ते काही लहान नाहीत.

मी वाट बघत होते की शिव्या देतील, फाटक दाखवतील. शपथ घेऊन सांगते, मला तेच हवं होतं. ते अंगणात बसले होते, उठून उभे राहिले. म्हणाले, म्हणजे एकही मेली नाही? मी नाही म्हटलं. बिहोगो आहे? आहे. तिची थोरली? आहे. तुटक्या शिंगाची मायेंजे? तीही आहे. असं एकेक नाव घेऊन विचारत गेले आणि प्रत्येक 'आहे'ला मान हलवत गेले. शेवटी त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. म्हणाले, दीड-दोन महिने मी झोपलो नाही पोरी, तुझ्या बापाला वर जाऊन काय तोंड दाखवू असं वाटत होतं. मग हसले. लहान मुलासारखे हसले, इतके आनंदले. लपवल्याबद्दल एक शब्द नाही. मुगुमे, त्यांनी मला मारलं असतं तर मी आज इतकी मोडले नसते.

मी म्हटलं, आता चला आणि हवी ती गाय घ्या. तर म्हणाले, आत्ता नको. आधी लग्न. तुझ्या बापाच्या घरात सून येतेय, तिच्या वाटेत काटा टाकायचा नाही. तू तोंड उघडायचं नाहीस, बाकीचं मी बघतो.

आणि त्यांनी काय बघितलं माहीत आहे? दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दारोदार निघाले. प्रत्येक फाटकाशी जाऊन सांगितलं, म्हातारपणी माझे डोळे गेले हो, फाटकाजवळच्या चार गाई बघून मी समजलो गोठण रिकामी झाली, पलीकडचं खिल्लार मला दिसलंच नाही, आपापल्या गाई घेऊन या. लोक आले, गाई घेऊन गेले. माझ्याशी गोडच बोलले. पण काकांची जी टर उडवली! एक जण म्हणाला, ज्याला खिल्लार दिसत नाही त्याने आता कोंबड्या पाळाव्यात. आपल्या माणसाला चोर म्हटलं तरी तो पचवतो. ह्याला गाय कळत नाही म्हटलं की तो मेला. ते ज्या गोष्टीसाठी मुलखात ओळखले जातात तीच त्यांनी आपल्यापायी देऊन टाकली. आणि मी फाटकात उभी राहून ऐकत होते.

निवडीच्या दिवशी आपल्या बाजूने बोलायला बाबांच्या जागी तेच येणार आहेत.

माया आहे म्हणूनच एवढं लिहिलं.

तुझी ताई,
केमिरेंबे


कंपाला,
३ जून १९९६

ती. ताईस सा. न. वि. वि.

काका देवमाणूस आहेत. मला मान वर करून हेही लिहवत नाही.

पण ताई, तेच म्हणताहेत ना की लग्न होईपर्यंत गप्प बस? मग त्यांचं ऐकू या. एकदा निवड होऊ दे. नंतर मी स्वतः सगळ्यांसमोर सांगेन. खरंच सांगेन. मला रजा मिळत नाही, नाहीतर आलो असतो. नवऱ्या मुलाने निवडीला असायलाच हवं असंही नाही.

तेवढा दिवस निभावून ने. लोभ असू दे, असला तेवढा.

मुगुमे


रुशेरे,
१८ जून १९९६

मुगुमे यास,

निभावला नाही. काय झालं ते दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते.

योनासानी आणि त्यांची माणसं परवा आली. मी गोठण झाडून ठेवली होती, शेणाची धुनी पेटवली होती, माश्या नव्हत्या. गाई अशा उभ्या होत्या की पाहुणे फाटकातच थबकले. सगळं तुझ्या मनासारखं होतं. काका स्वच्छ धुतलेलं पांढरं कापड पांघरून, हातात बाबांची काठी घेऊन पुढे झाले आणि पहिल्या गाईचं कूळ सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात योनासानी म्हणाले, अहो, यांना कशाला पुढे केलंत, यांची कीर्ती काझोपर्यंत पोचलीय, हे गाईला झाड समजून सावलीला बसतील. सगळे खदखदून हसले. दुसरा एक म्हणाला, आम्ही गाई निवडतो, आजोबांनी कुंपणाचे खांब निवडावेत. पुन्हा हसणं. काकाही हसले. सगळ्यांत जास्त तेच हसले, म्हणाले, खरंय, खरंय, परवा मी सुनेलाच वासरू म्हणून हाक मारली. आणि हसता हसता त्यांनी बाबांची ती काठी अंगामागे लपवली, ते फक्त मला दिसलं, कारण मी कुडाआड उभी होते.

बायकांनी अशा बैठकीत बोलायचं नसतं. मी बाहेर आले. दुधाची भांडी पाहुण्यांच्या हातात दिली आणि म्हटलं की यांचे डोळे शाबूत आहेत. आमच्या गाई त्यांना दिसल्या नाहीत, कारण आम्ही त्या लपवल्या होत्या. ते गाय मागायला आले होते आणि द्यावी लागेल म्हणून आम्ही लपवल्या. वर त्यांची कालवड घेतली आणि ते तुमचं हसणं सोसत राहिले ते आमच्या घरासाठी.

योनासानींनी हातातलं भांडं खाली ठेवलं. अजून एकही घोट घेतला नव्हता. मग म्हणाले, लपवायचं कुणी ठरवलं? तुझं नाव घेतलं नाही. माझंही घेतलं नाही. त्यांना काय समजायचं ते समजलं. म्हणाले, गाई चांगल्या आहेत, पण आम्ही मुलगी गाईंना देत नाही, माणसाला देतो. तो माणूस बोलेल तेव्हा बघू. उठले आणि गेले. दूध तसंच राहिलं. आपल्या दारात पाहुण्यांनी दूध टाकून जाण्याची ही पहिलीच वेळ.

काका माझ्यावर चिडले. पहिल्यांदाच चिडलेले पाहिले. म्हणाले, मी म्हातारा, चार दिवस हसले असते आणि विसरले असते, तू पोराचं लग्न मोडलंस. मग खाली बसले आणि ते टाकलेलं दूध एकेक भांडं उचलून त्यांनी वासरांना पाजलं. मी पुढे जाऊन मदत केली नाही, कारण मला रडू आवरत नव्हतं.

मला तुझ्या लग्नाचं वाईट वाटतं. बोलल्याचं वाटत नाही. आता रजेचं सांगू नकोस. ये.

ताई


रुशेरे, स्टँडजवळच्या चहाच्या दुकानातून,
२९ जून १९९६

ती. ताईस सा. न. वि. वि.

हो, रुशेरेहूनच लिहितोय. घर इथून चालत जाण्यासारखं आहे, पण पाय उचलत नाही. म्वेसिग्वा बाजाराला आलाय, त्याच्या हाती हे पत्र पुढे पाठवतो. तो मला बघून हसला, हसू दे.

आधी काझोला गेलो. योनासानींच्या अंगणात त्यांच्या भावकीसमोर उभा राहून सांगितलं की लपवायचं मी ठरवलं, ताईने माझ्या सांगण्यावरून केलं आणि नंतर गप्प राहायलाही तिला मीच सांगत राहिलो. केंतारो दाराशी होती, तिने ऐकलं आणि आत गेली. योनासानींनी मला दूध दिलं, स्वतः प्यायले नाहीत. म्हणाले, कातुरामु स्वतः येऊन आम्हाला बोलावतील त्या दिवशी पुन्हा गाई बघायला येऊ. त्यांनी बोलावलं नाही तर समजून जा.

मग सांग्याला गेलो. काकांचे पाय धरले. म्हटलं, आमची कुठलीही गाय घ्या, बिहोगो घ्या, निवडा. ते म्हणाले, मी कसा निवडू बाबा, माझी नजर गेली म्हणून सगळा मुलूख सांगतोय. तूच निवड. तुझ्या गोठणीतली तुझ्या जिवाची गाय कोणती, तिचं नाव सांग. ती आणून बांध, मग मी काझोला जातो.

मी म्हटलं, बिहोगो. तर म्हणाले, ती तुझ्या ताईच्या जिवाची. तुझी कोणती?

ताई, मला नाव आलं नाही. काका वाट बघत होते. ते टोमणा मारत नव्हते गं, त्यांना खरंच वाटत होतं की असेल एखादी. पेनिना दुधाचं भांडं घेऊन आली होती, तीही उभीच राहिली. मी लहानपणी वसतिगृहात गेलो तो गेलोच. योनासानींना मी रंग सांगितले, शिंगांची लांबी सांगितली, ते सगळं बाबांच्या तोंडून ऐकलेलं. ज्या गाई लपवायला मी तुला लावलं, ज्यांच्यापायी त्या माणसाला आंधळा ठरू दिलं, त्यांतली एक जरी आत्ता या रस्त्यावरून गेली तरी ती आपली हे मला कळणार नाही.

शेवटी काकाच म्हणाले, नसेल ठाऊक तर त्यात काय, चारायला जा. एखादी लागेल जिवाला. लागली की घेऊन ये. द्यायला जड जाईल तीच आण, हलकी नको.

हापिसात सांगून आलोय. जागा ठेवतील असं वाटत नाही.

तू फाटकाशी येऊ नकोस. मला आत बोलावून पाहुण्यासारखं दूध देऊ नकोस. सकाळी गाई सोडशील तेव्हा मी कुंपणाबाहेर असेन. कुठली कोण ते मला सांगू नकोस, माझं मला कळू दे, लागतील तेवढे दिवस लागू देत.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. गाईंच्या मागे चालू दे, एवढंच.

मुगुमे